ट्रॅक्टरचा घास

शपथ घेऊन सांगते, अन् हळू नाही, पार बाजूच्या मोहल्ल्यात ऐकू जाईन अशी सांगते: यंदाच्या पोळ्याले आमच्या आंगणात जे झालं, त्यातला एकूणएक शब्द खरा आहे. खोटा निघाला तं माही कवळी भर पंगतीत वरणात पडो. तुमच्या आजोबानं याच ट्रॅक्टरवरून पुराच्या पाण्यात खारून नदी पार केली, अन् मधात मगर आडवी आली तं तिले हॉर्न मारला, असं मी मागं सांगितलं होतं. ते सोडा. ते वेगळं होतं.

हे खरं आहे.

पोळ्याच्या सकाळी ममता, माही मोठी सून, सयपाकघराच्या उंबरठ्याबाहेर पाय टाकाले तयार नव्हती. पुरण शिजून राहिलं होतं, नळ आंगणात, अन् ही बया रिकामी घागर घेऊन दारात उभी.

"काहून उभी आहेस वं?"

"आई, तो पाहून राहिला."

"कोण?"

"ट्रॅक्टर."

मी हसली. हसाले नको होतं. दहा दिवसांआधी भर दुपारी ममता कपडे वाळू घालत होती. ट्रॅक्टरवर कोणी नाही, चावी घरात खिळ्याले लटकलेली. अचानक ‘ठक’ असा आवाज झाला, मग घर्र घर्र, अन् ते धूड आपल्या मनानं दोन हात पुढं सरकलं. दोरीचा खांब मोडला. माहं ओलं लुगडं चाकाखाली गेलं. अन् जसा जागा झाला तसाच गप झाला.

ममता किंचाळत घरात आली, तवा मी काय म्हटलं? म्हटलं, "घाबरू नको, तुहे सासरे आले असतीन. त्याइले दुपारी चक्कर माराची सवय होती."

यशवंतरावाले जाऊन अकरा वर्षं झाली. मी आपली गंमत केली. पण गंमत घरभर फिरली, घरातून गावात गेली, अन् गावातून बैगा आला, भूत उतरवणारा. त्यानं स्टेअरिंगले लिंबू बांधलं. श्यामकांत, माहा मोठा पोरगा, त्या दिवसापासून ट्रॅक्टरच्या बाजूनं जाताना चप्पल काढून जाऊ लागला. मिस्त्री बोलवा म्हटलं तं म्हणे, "बाबांच्या कामात मिस्त्री काय करन?"

अन् ममता रात्री दाराले आतून पाटा लावून निजू लागली. सारे तिले हसत. गावातल्या बायका तिले पाहून ‘ठक’ म्हणत. ती हसत नसे, अन् काही बोलतही नसे.

आमचं शेत उरल्याच्या कारखान्याइच्या पलीकडं. वारा तिकडून सुटला का धोतरापासून दह्यापर्यंत साऱ्यावर काळी भुकटी. बैल होते तोवर पोळा बैलाचा. शेवटची जोडी गेली अन् ट्रॅक्टर आला, त्याले पस्तीस वर्षं झाली. पोळा कोणाचा कराचा? ट्रॅक्टरचा. आदल्या दिवशी त्याले आवतण देतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या". दुसऱ्या दिवशी धुतो, झूल घालतो, पुरणपोळीचा घास भरवतो. पहिल्या वर्षी यशवंतराव अन् माहं भांडण झालं होतं, ट्रॅक्टरचं तोंड कोणतं? मी म्हटलं डिझेलची टाकी, तिथूनच खाते. ते म्हणे, "टाकीत पुरण टाकशील तं इंजिन बसन, बाई!" मग मी म्हटलं, जिथून जागा होते ते तोंड. चावीचं भोक. ते त्याइले पटलं. तवापासून दर पोळ्याले चावीच्या भोकात बोटाच्या पेरावढं पुरण, वरून तूप, हळदकुंकू, अन् आचवाले नारळाचं पाणी.

असा पोळा साऱ्या छत्तीसगडात कोणाचा नसन.

दहा वाजता चौबे कॉलोनीतून अभिनव आला, माहा लहाना. नव्या रायपुरात सरकारी हापिसात आहे, सुटीच्या दिवशीही इस्तरीचा शर्ट. संग त्याची पोरगी ज्ञानदा. ती उरल्याच्या एका मिलमंधी बिजलीचं काम पाहते. शिकलेली पोट्टी, मराठी सारी समजते, उत्तर हिंदीत देते.

अभिनवनं पाया पडाच्या आधीच तोंड उघडलं. "दादा, उद्या भंगारवाला येते. मी बोलून ठेवलं."

श्यामकांत चाकाले गेरू लावत होता. वर न पाहता म्हणे, "कोणाले इचारून?"

"माणूस मेल्यावर इचारू का? वहिनी थोडक्यात वाचल्या त्या दिवशी."

"तुले कोणी सांगितलं?"

अभिनवची नजर गेली सयपाकघराकडं. श्यामकांतची बी गेली.

"तू फोन केला?" श्यामकांतनं आपल्या बायकोले इचारलं.

"हव," ममता दारातून म्हणे.

"माह्या घरातली गोष्ट माह्या भावाले?"

"तुम्हाले तीनदा सांगितली. तुम्ही चप्पल काढली, दुसरं काही नाही केलं."

श्यामकांत लाल झाला. त्याच्या मनातलं त्यानं मले नंतर सांगितलं. त्याले राग बायकोचा नव्हता आला. त्याले रोज पहाटे वाटत होतं का आज ट्रॅक्टरजवळ गेलो तं सीटवर बाबा बसले दिसतीन. त्याले ते पाहाचं होतं, अन् पाहाचं नव्हतं. भंगारवाला घेऊन गेला तं दोन्ही जाईन.

"लड़ना बाद में," ज्ञानदा म्हणे. तिनं पिशवीतून छोटं मीटर काढलं, दोन तारावालं. "बड़े पापा, चाबी कहाँ है?"

"खिळ्याले."

"मतलब स्विच ऑफ है."

"चावीच नाही त्यात, तं ऑनच कसा राहीन?"

"वही तो देखना है."

ट्रॅक्टर कोठीच्या भिंतीले लागून उभा होता, तोंड उतारावर, विहिरीकडं. भिंत अन् ट्रॅक्टर याच्या मधात एक माणूस आडवा होऊन जाईन एवढीच जागा. ज्ञानदा तितूनच आत शिरली अन् पुढच्या अन् मागच्या चाकाच्या मधात उकिडवी बसली. सेल्फ मारणारी मोटर त्याच बाजूनं खाली आहे. तिनं एक तार लोखंडाले लावली, दुसरी मोटरवरच्या बारक्या स्क्रूले.

"आजी, सुनो. चाबी घुमाओ, तभी इस तार में करंट आना चाहिए. नहीं घुमाई तो ज़ीरो. ठीक?"

"ठीक."

"ज़ीरो नहीं है."

अभिनव वाकला. मी बी वाकली, गुडघ्यावर हात देऊन. ममता पहिल्यांदा उंबरठ्यावरून एक पाऊल पुढं आली.

मीटरवर दोनचा आकडा होता. मग तीन. मग परत दोन. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते ना, तसा तो आकडा होऊन राहिला होता. कोणी चावी लावली नाही, कोणी हात लावला नाही, अन् आतून काहीतरी जागं.

"बाबा," श्यामकांत हळूच म्हणे.

"बाबा नहीं, बड़े पापा, लीकेज. स्विच के अंदर कुछ भरा है, उसमें से करंट रिस रहा है. दस-ग्यारह हुआ तो सेल्फ लग जाएगा."

"उरल्याची धूळ," श्यामकांत म्हणे. "तुह्याच मिलची."

"हो सकता है." मग तिनं मान वर केली. "लेकिन सेल्फ लगने से गाड़ी चलनी नहीं चाहिए. गियर में सेल्फ लगता ही नहीं, उसका एक सेफ्टी स्विच आता है."

श्यामकांतनं गेरूचे हात पंच्याले पुसले. "ते मी डायरेक्ट करून घेतलं. दर खेपी न्यूट्रल करा, मग चालू करा, कोण कटकट करन?"

"और अभी गियर में है?"

"हँडब्रेक धरत नाही ना. गिअरमंधी नाही ठेवला तं सरळ विहिरीत जाईन."

ज्ञानदानं बापाकडं पाहिलं. अभिनव पांढरा पडला होता. तो मले नंतर म्हणे, आई, मी भंगार-भंगार करत आलो, पण तोवर मले वाटत होतं का मी दादाले चिडवून राहिलो. त्या टाइमले समजलं का हे खरंच मारन.

"मैं ये तार खींच देती हूँ," ज्ञानदा म्हणे. "एक सेकंड का काम है. फिर पूजा करो, जो करना है करो."

"नाही!" श्यामकांत ओरडला. "पोळा आहे. आजच्या दिवशी बैलाच्या अंगाले पाना लागत नाही, पेचकस लागत नाही. बाबांनी जिंदगीभर पाळलं."

"दादा, पोरगी हातानं काढते म्हणते, पान्यानं नाही!"

"काढणं ते काढणं. पूजा होऊ दे, घास होऊ दे, मग सारं खोल. मी सोता धरू लागीन."

"बैलाचा कान कापून पूजा करता का, असंच म्हणशील आता!"

"म्हणीन! म्हणतोच!"

दोघं भाऊ चाकाच्या दोन बाजूले उभे, पन्नाशीचे घोडे, अन् दोघाइनं माह्याकडं पाहिलं. लहानपणी पतंगीवरून भांडत तवाही असेच पाहत. मी ज्याले हो म्हणीन त्याचं खरं.

ममतानं बी पाहिलं. "आई, काढू द्या तार," ती म्हणे. एवढंच.

अन् मी म्हटलं, "दहा मिनिटांची पूजा. होऊ दे. मग काढ."

काहून म्हटलं? यशवंतरावाचा पोळा होता. अन् त्याइचं भूत मीच या ट्रॅक्टरवर बसवलं होतं, आता सगळ्यांदेखत खाली कसं उतरवू?

ज्ञानदानं मीटर परत धरलं. "ठीक है. लेकिन मैं यहीं बैठूँगी, मीटर देखती हूँ. नंबर बढ़ा तो चिल्लाऊँगी, सब पीछे हट जाना. और आजी, डैशबोर्ड को कोई हाथ नहीं लगाएगा."

"नाही लावत."

तिले वाटलं आवाज देणं म्हणजे राखण. पोरीची एवढीच चूक. बाकी साऱ्या आमच्या.

श्यामकांत मागं गेला, ट्रॉलीच्या हुकाले झूल बांधाले. अभिनव फाटकाजवळ जाऊन फोनवर फोटो काढाले उभा राहिला, तोंड वाकडं करून. ममता परत उंबरठ्यावर. मी ताट घेऊन डाव्या बाजूले, पायरीजवळ. भिंतीकडच्या बाजूले, मले न दिसणारी, ज्ञानदा.

मी बोनेटले कुंकू लावलं. हेडलाइटले दिवा ओवाळला. लिंबावर हळद टाकली. मनात आलं, बाई, आज घास राहू दे. मग आलं, पस्तीस वर्षं उपाशी नाही ठेवला. अन् पोरगी म्हणाली हात लावू नका. घास भरवणं म्हणजे हात लावणं थोडीच?

मी पेरभर पुरण चावीच्या भोकात दाबलं. वर तुपाची धार सोडली.

"तीन," पलीकडून आवाज आला. "ठीक है. तीन ही है."

मग मी नारळाच्या पाण्याचा लोटा उचलला, अन् आचवाले पाणी घातलं. नेहमीसारखं, भरपूर.

"चार," ज्ञानदा म्हणे. "पाँच. आजी? आजी, क्या डाला? आठ..."

ठक.

तो आवाज कानात नाही आला. तळपायातून आला.

मग घर्र, घर्र, घर्र, अन् प्रत्येक घर्रसंग ते मोठं चाक चार बोटं पुढं. पुढं पुढचं चाक, मागून मागचं, बाजूले भिंत. पोरगी त्याच्या मधात. मग इंजिनानं पकडलं. नळीतून काळा धूर निघाला, सारं आंगण त्यात बुडालं. ट्रॅक्टर आता धक्के देत नव्हता, चालत होता. हळू. लगन लागलेल्या नवरदेवासारखा आरामात.

"आजी! क्लच! बाईं तरफ वाला! आजी, दबाओ! आजी!"

मागून श्यामकांत धावला, तं झुलीत पाय अडकून तोंडावर पडला. फाटकातून अभिनवचा आवाज आला, शब्द नव्हते त्यात, नुसता आवाज.

मी लोटा फेकला. लुगडं खोचलं. माहा उजवा गुडघा, ज्याच्या पायी मी सहा वर्षांपासून देवळाच्या पायऱ्या चढत नाही, तो त्या टाइमले सोळा वर्षांच्या पोरीचा झाला. पायरीवर चढाले वेळ नव्हता. मी खालूनच दोन्ही हात क्लचवर टाकले, सारं अंग त्यावर लोटलं, अन् दात आवळून लटकली.

ट्रॅक्टर थांबला. इंजिन ओरडत होतं, पण चाक थांबलं.

श्यामकांत उठला, वर चढला, ब्रेकवर उभा राहिला अन् इंजिन बंद कराचा दांडा ओढला. तरी सेल्फची घर्र चालूच, चावीच नाही तं बंद काय करन? अभिनवनं बॅटरीची तार उघड्या हातानं धरून उपटली. ठिणग्या उडाल्या, त्याचा तळवा भाजला.

मग एकदम काहीच आवाज नाही. दूर उरल्याच्या भोंग्याचा तेवढा.

"ज्ञानू?" अभिनव म्हणे.

"ज्ञानू, बेटा!"

"हूँ." मग म्हणे, "पापा, मेरा जूता."

चाकाचा रबरी दात तिच्या बुटाच्या टोकावर चढला होता. पाय आत आखडून घेतला होता पोरीनं, बोटं मुडपून. मीटर चाकाखाली चपटं झालं होतं. बाजूच्या फटीतून तिले ओढून काढलं तं पाठीवर भिंतीचा सारा चुना. ती उभी राहिली, दोन पावलं चालली, अन् माह्या पायाशी बसून भडभडा ओकली.

दुपारी कोणी जेवलं नाही. पुरणाच्या पोळ्या झाकून राहिल्या. श्यामकांतनंच पाना आणला, पोळ्याच्या दिवशी, अन् स्विच बाहेर काढून ज्ञानदापुढं ठेवला. म्हणे, "खोल."

तिनं मागचं झाकण उचकटलं.

आत तांबं नव्हतं दिसत. आत होता एक काळा-तांबडा गोळा, दगडासारखा, वर हिरवा बुरा, अन् आताचं ओलं पुरण. गोळ्यातून मुंग्या निघाल्या. त्यात एक तांदळाचा दाणा होता, अख्खा.

"ये धूल नहीं है," ज्ञानदा म्हणे. तिनं वास घेतला. "आजी... ये इलायची है?"

अभिनवनं माह्याकडं पाहिलं, मग भावाकडं. श्यामकांत खाली मान घालून त्या गोळ्याले बोटानं टोचत होता.

"म्हणजे बाबा नव्हते," तो म्हणे.

"नाही," मी म्हटलं.

"तुले माहीत होतं का बाबा नव्हते?"

"मले हे पुरणाचं नव्हतं माहीत रे."

"मी ते नाही इचारलं, आई."

तो उठला अन् अभिनवले म्हणे, "भंगारवाल्याले सकाळीच बोलाव. नऊच्या आत." अन् मजा पाहा, ज्याले भंगार पाहिजे होतं तोच म्हणू लागला, "दादा, स्विच नवा टाकू ना. सेफ्टीची तार जोडू. ब्रेक करून घेऊ. बाबांचा आहे तो." सकाळी एक इकडं ओढत होता, एक तिकडं. संध्याकाळी दोघाइनं जागा बदलली, अन् दोघंही रडत होते. शेवटी ज्ञानदानं निकाल दिला का स्विच नवा बसन, पण त्याच्या तोंडाले झाकण राहीन, अन् आजी त्याच्या दहा हात दूर.

निघताना ती माह्या गळ्यात पडली. "आजी, आपने बचा लिया. इस उम्र में क्लच! मैं सबको बताऊँगी."

तिनं सांगितलं बी. चौबे कॉलोनीत सांगितलं, मिलमंधी सांगितलं. गावातल्या बायका येऊन माहा गुडघा पाहून गेल्या. मी बी सांगते, दर खेपी जरा वाढवून.

आता एकच गोष्ट राहिली. एवढं सारं खरं सांगितलं, तं एक बारीकशी जागा सोडून देते म्हटलं होतं, पण ती सुटत नाही.

क्लच मी नाही दाबला.

पोरगी माहं नाव घेऊन ओरडत होती. क्लच माह्यापासून एका हातावर होता. अन् मी लोटा धरून उभी होती, त्यातलं उरलेलं पाणी सांडू नये म्हणून. पाय हलले नाहीत. मले ऐकू येत होतं, समजत होतं, अन् मी लोट्यात पाहत होती. ममता उंबरठ्यावरून धावली, अनवाणी. तिनं मले कोपर मारून बाजूले लोटलं, पेडलवर पडली, अन् जोवर अभिनवनं तार उपटली नाही तोवर हलली नाही. तिच्या दोन्ही तळव्यांवर पेडलच्या रेघा चार दिवस होत्या. धुरात कोणाले दिसलं नाही. श्यामकांत जमिनीवर पडलेला, अभिनव लांब, ज्ञानदा पलीकडच्या बाजूले. तो वर चढला तवा क्लचपाशी आम्ही दोघीही होतो, अन् ‘मी दाबला’ म्हणून पहिल्यांदा तोंड मी उघडलं.

मी जवा जवा हे सांगते, ममता तिथंच असते. भाजी निवडते. एकदाही वर पाहत नाही, एकदाही नाही म्हणत नाही. मगरीची गोष्ट सांगताना मले कधी भेव वाटलं नाही. ही सांगताना वाटते. आता दाराले पाटा ती लावत नाही. झोप माही गेली.

काल राहवलं नाही. भाजी निवडून राहिली होती, तिच्याजवळ जाऊन बसली. इचारलं, "ममता, तू काहून सांगत नाही सगळ्याइले?"

तिनं मेथीची जुडी सोडली. काड्या एकीकडं केल्या, पानं एकीकडं.

"तुम्ही सांगसाल म्हणून थांबली आहो, आई."